यवतमाळच्या आठवणी कोणत्या ड्राइव्हवर?

९ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत अविश्वास ठरावावर चर्चा चालू होती. त्या चर्चेत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी महिलेचे नाव पुन्हा निघाले: जळका गावच्या कलावती बांदूरकर. त्याआधी २२ जुलै २००८ रोजी विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी हेच नाव घेतले होते. २०२३ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी कलावतींना सरकारकडून काय काय मिळाले ते सभागृहात सांगितले आणि कलावतींनी लगेच कॅमेऱ्यासमोर येऊन ते नाकारले. अशा बातमीला दोन चित्रे लागतात, आजच्या कलावतींचे आणि २००८ सालच्या कलावतींचे. पहिल्या चित्रासाठी जळक्याला गाडी काढली की काम होते. दुसऱ्यासाठी पंधरा वर्षांपूर्वीची मिनी-डीव्ही कॅसेट किंवा तिच्यावरून उतरवलेली फाइल हवी. ती कुणाकडे आहे, कोणत्या डिस्कवर आहे आणि कोणत्या नावाने ठेवली आहे, हेही माहीत असायला हवे.

यवतमाळ हा कॅमेऱ्याला सरावलेला जिल्हा आहे. कापूस, कर्ज आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे गेली वीस-बावीस वर्षे इथे देशाचे आणि जगाचे कॅमेरे येत राहिले. पत्रकार पी. साईनाथ यांच्या वार्तांकनाचा माग घेणारा दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ हा माहितीपट २००९ सालचा. भाटिया मूळच्या चित्रपट संकलक. ‘तारे जमीन पर’चे संकलन त्यांचेच. मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ २०११ मध्ये आला. त्याचे केंद्र याच जिल्ह्यातले तेलंग टाकळी हे गाव. नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’ने विदर्भातल्या कापूस उत्पादकांची कथा सांगितली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. २० मार्च २०१४ रोजी दाभडीत नरेंद्र मोदी यांची ‘चाय पे चर्चा’ झाली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण मारली गेली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावर त्याचे उद्घाटन वैशाली येडे या इथल्याच शेतकरी महिलेच्या हस्ते झाले.

बाहेरून आलेले दिग्दर्शक आपले चित्रीकरण मुंबईला, दिल्लीला, सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन गेले. जिल्ह्यात जे उरले ते इथल्या स्थानिक कॅमेरामनकडे आणि मिक्सिंगवाल्यांकडे, म्हणजे व्हिडिओचे संकलन करणाऱ्यांकडे. लग्ने करता करता त्यांनीच सभा टिपल्या, मोर्चे टिपले, संमेलन टिपले. दुर्गोत्सवाच्या नऊ रात्री तर त्यांच्याच. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असे यवतमाळकर अभिमानाने सांगतात. मंडळे दरवर्षी नवा देखावा उभारतात आणि विसर्जनानंतर तो उतरवतात. अमुक मंडळाने अमुक साली काय उभे केले होते, याचा पुरावा म्हणून पुढे तेवढे व्हिडिओच उरतात.

शकुंतला रेल्वेचेही तसेच झाले. यवतमाळ ते मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावर ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. वाफेच्या इंजिनाचे घरगुती चित्रण कुणी केले असेल तर ते व्हीएचएस कॅसेटवर असणार. ती कॅसेट कुणी संगणकावर उतरवून घेतली असेल आणि फाइलचे नाव ‘न्यू व्हिडिओ १’ ठेवले असेल, तर चित्र जगले तरी त्याची ओळख गेली.

लाल पडदा

मिक्सिंगवाल्याला सगळ्यात जास्त धास्ती कशाची, तर लाल पडद्याची. गेल्या हंगामातले लग्न पुन्हा उघडावे लागते. वधूच्या घरच्यांना मामाचे चार शॉट वाढवून हवे असतात, किंवा आजोबा गेल्यामुळे त्यांचे सगळे प्रसंग वेगळे काढून हवे असतात. प्रोजेक्ट उघडतो, टाइमलाइन जागच्या जागी दिसते, कापलेल्या जागा, गाणी, डिझॉल्व्ह, सगळे जसेच्या तसे. फक्त मॉनिटरवर चित्राऐवजी लाल पडदा आणि ‘मीडिया ऑफलाइन’ ही अक्षरे. सॉफ्टवेअर प्रीमियर असो, डाविंची रिझॉल्व्ह असो की लग्नाच्या कामात वर्षानुवर्षे चालत आलेले एडियस, दुखणे एकच.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतेच. पत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता छापलेला असतो, मंडप नसतो, तसेच हे. कोणती क्लिप कोणत्या ड्राइव्हवर आहे, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तिचा कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंतचा तुकडा घ्यायचा, एवढ्या नोंदी त्या फाइलमध्ये असतात. म्हणून तीन तासांच्या लग्नाचा प्रोजेक्ट काही मेगाबाइटमध्ये मावतो आणि त्याचे फुटेज शेकडो गिगाबाइट खाते. ई ड्राइव्ह भरला, फुटेज नव्या हार्ड डिस्कवर हलवले, तिला विंडोजने जी हे अक्षर दिले, की जुने सगळे पत्ते खोटे ठरतात. चित्र शाबूत असते. सॉफ्टवेअर मात्र त्याला जुन्या घरी शोधत राहते.

नुसता पत्ता बदलला असेल तर उपाय दोन मिनिटांचा. हरवलेल्या क्लिपांपैकी एक नव्या जागी दाखवून द्यायची, आतली फोल्डरांची मांडणी तशीच असेल तर बाकीच्या क्लिपा सॉफ्टवेअर आपण होऊन जोडून घेते. खरा घोळ होतो तो नावांचा.

सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत पहिल्या क्लिपचे नाव सी०००१ असते. कार्ड फॉरमॅट केले की बऱ्याचदा मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे घाटंजीच्या लग्नात सी०००१ असते आणि दारव्ह्याच्या साक्षगंधातही सी०००१ असते. जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांतही हीच गत. एका हंगामात अशा डझनभर सी०००१ एका डिस्कवर गोळा होतात. दोन लग्नांच्या क्लिपा एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की संगणक विचारतो, जुनी फाइल बदलायची का? घाईत ‘हो’ दाबले की एका घरची हळद कायमची गेली. नुसत्या नावावर भरवसा ठेवून लिंक जोडली तर एका नवरीच्या मंगलाष्टकात दुसऱ्याच घरचे वऱ्हाड अक्षता टाकताना दिसते. म्हणूनच जोडताना नावाबरोबर टाइमकोड, म्हणजे क्लिपमध्ये नोंदलेली वेळही जुळवण्याची सोय प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या दोघांतही दिलेली आहे. ती खूण चालू ठेवली तर चुकीची क्लिप बसण्याचा धोका बराच कमी होतो.

कार्डावरच्या फोल्डरांचेही असेच. जुन्या कार्डांची रचना ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, म्हणून सलग चाललेल्या विधीचे कॅमेरा तुकडे पाडतो. ते कुठे आणि कसे जोडायचे याची माहिती त्याच कार्डावरच्या इतर छोट्या फाइलींत असते. मोठ्या फाइली तेवढ्या उचलल्या आणि बाकीचे निरुपयोगी समजून पुसले, तर सांध्यावर काही फ्रेम गळू शकतात आणि आवाज चुकू शकतो. कार्ड उतरवताना वरपासून खालपर्यंत जसेच्या तसे उतरवायचे, ही शिस्त म्हणून महत्त्वाची.

सरस्वतीबाई ते मिनी-डीव्ही

संकलनातली व्यवस्था संगणकाने आणलेली नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, फिल्म धुणे, तुकडे जोडणे यांत सरस्वतीबाई फाळके त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. त्या तुकड्यांना नाव आणि जागा दिल्याशिवाय चित्रपट उभाच राहिला नसता. पुढे फिल्मच्या कडेलाच ठरावीक अंतरावर क्रमांक छापून येऊ लागले. संकलक मूळ निगेटिव्हला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करी. संकलन पक्के झाले की निगेटिव्ह कापणारा कारागीर कडेचे क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह कापे. आजच्या भाषेत हे रिलिंकच, म्हणजे क्लिप पुन्हा मूळ जागेशी जोडणे. प्रत्येक शॉटची पाटी, पाटीची वहीत नोंद, नोंदीनुसार डबा आणि डब्यावर चिठ्ठी, यासाठी सहायकांची वेगळी फळी असे.

एवढे करूनही ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज आपल्यापाशी आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. महाराष्ट्राने आपला चित्रवारसा गमावण्याची किंमत मोजलेली आहे.

व्हिडिओ आला आणि गावोगावच्या हौशी माणसांच्या हाती संकलन पडले. मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला तो व्हीसीआर जोडून जोडून शिकलेल्या संकलनाच्या बळावर. यवतमाळ, पुसद, वणी इथल्या स्टुडिओंचा प्रवासही कॅसेटवरूनच झाला. मिनी-डीव्हीच्या काळात कॅसेट तासाभराची असे आणि ती संगणकावर उतरवायला बरोबर तासच लागे. एका तासाचे फुटेज सुमारे १३ जीबी होई. उतरवताना सॉफ्टवेअर कॅसेटचे नाव विचारी. ते नीट लिहिले असेल, तर डिस्क बसली तरी कॅसेट पुन्हा लावून तेच फुटेज त्याच जागी परत आणता येई. मूळ चित्र कपाटात सुरक्षित असे आणि संगणकात फक्त त्याची प्रत असे.

कार्ड आले आणि हा आधार गेला, याची जाणीव अनेकांना झालीच नाही. कार्ड महाग, लग्ने लागून, म्हणून आज रात्री उतरवलेले कार्ड उद्या सकाळी फॉरमॅट होऊन दुसऱ्या मांडवात जाते. म्हणजे हार्ड डिस्कवर जे आहे तेच आता मूळ. तिच्याकडे प्रत म्हणून पाहण्याची सवय मात्र कॅसेटच्या काळातली राहिली. फुटेज हरवण्याच्या बहुतेक कहाण्यांचे मूळ इथे आहे.

आकडे पाहिले की प्रश्नाचा आवाका कळतो. १०० मेगाबिट वेगाने फोर-के चित्रीकरण केले तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांनी साक्षगंधापासून स्वागत समारंभापर्यंत प्रत्येकी सहा तास टिपले तर एका लग्नाचे ५४० जीबी झाले. अशी ३० लग्ने केलेल्या स्टुडिओकडे हंगामाअखेर सोळा टेराबाइट साचतात, आणि त्यांत ड्रोन, फोटो, प्री-वेडिंग धरलेले नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली धावपळ जूनमध्ये थांबते तेव्हा डिस्का भरलेल्या असतात आणि जागा करायची म्हणून पुसापुशी सुरू होते. काय पुसायचे हे ज्याला माहीत नसते तो हवे तेच पुसतो.

हलवायचे कसे

चांगली व्यवस्था चित्रीकरणाच्या आधी सुरू होते. ऑर्डर पक्की झाली की तिच्या नावाचा एक मुख्य फोल्डर करायचा: ‘२०२५-११-२३_घाटंजी_लग्न’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, कारण अशाने यादी आपोआप तारखेनुसार लागते. आत क्रमांक घातलेले ठरावीक फोल्डर: फुटेज, आवाज, फोटो, गाणी, टायटल, प्रोजेक्ट, तयार व्हिडिओ. फुटेजमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि प्रत्येक कार्डाचा वेगळा फोल्डर. मग सी०००१ कितीही असोत, प्रत्येकीचे घर वेगळे राहते. क्लिपांची नावे बदलायची असतील तर संकलनाला बसण्याआधीच बदलावीत. एकदा टाइमलाइनवर क्लिप गेली की तिच्या नावाला आणि जागेला हात लावू नये.

गाणी आणि पत्रिकेचा फोटो हे नेहमीचे चोर. गाणे डाउनलोड्समधून थेट टाइमलाइनवर ओढले जाते, फोटो डेस्कटॉपवरून आणि नवरदेवाच्या मित्राने दिलेली क्लिप थेट त्याच्या पेनड्राइव्हवरून. मित्र पेनड्राइव्ह घेऊन जातो, पावसाळ्यात संगणक फॉरमॅट होतो आणि फुटेज धडधाकट असूनही निम्मी टाइमलाइन लाल होते. बाहेरची प्रत्येक फाइल आधी मुख्य फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि मगच प्रोजेक्टमध्ये घ्यायची, एवढ्या एका सवयीने ही कटकट संपते.

मराठी टायटलचे दुखणे आणखी वेगळे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेले ‘शुभविवाह’ त्या फॉन्टाशिवायच्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून जुना प्रोजेक्ट हलवताना फॉन्टही सोबत न्यावा आणि नवी टायटले युनिकोडमध्येच करावीत. पक्क्या झालेल्या टायटलचे चित्र करून ठेवले तर ते पुढे कुठल्याही यंत्रावर उघडेल.

काम संपल्यावर प्रोजेक्ट एकत्र बांधून घेण्याची सोय सगळ्याच मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती फार कमी वापरली जाते. प्रीमियरचा प्रोजेक्ट मॅनेजर विखुरलेल्या सगळ्या फाइली गोळा करून नव्या जागी ठेवतो. एडियसमध्ये आणि फायनल कटमध्ये त्यासाठी ‘कन्सॉलिडेट’ ही आज्ञा आहे. रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: त्याचा प्रोजेक्ट एरवी फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतोच, तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो. फुटेजचा फोल्डर नव्या डिस्कवर नेला आणि संगणक फॉरमॅट केला, तर संकलनाची सगळी मेहनत जाते. प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करावा, नाही तर मीडियासकट अर्काइव्ह करावा.

प्रत्यक्ष हलवाहलव करताना ‘कट’ कधीच करू नये. दोन डिस्कांमध्ये कट-पेस्ट चालू असताना वीज गेली किंवा केबल निघाली, तर अर्धे फुटेज इकडे आणि अर्धे तिकडे राहते. कॉपी करावी. ५४० जीबी साध्या हार्ड डिस्कवर जायला चांगल्या वेगानेही सव्वा तास लागतो, तेवढा धीर धरावा. नंतर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवावा. त्याहून पक्की खात्री हवी तर दोन्ही प्रतींची बिट न बिट तपासणी करणारी साधने आहेत: टेराकॉपीत पडताळणीची सोय आहे, रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही कार्ड पडताळून उतरवणारे क्लोन टूल आहे. नव्या जागेवरून प्रोजेक्ट उघडून, टाइमलाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवून बघावी आणि मगच जुने पुसावे.

दुसरी प्रत

जगातल्या बड्या स्टुडिओंनाही हा धडा महागात पडला आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि पात्रे, दृश्ये भराभर पुसली जाऊ लागली. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट होत नसल्याचे कुणी तपासलेच नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. कोट्यवधी डॉलरचे काम एका आईच्या घरातल्या संगणकाने तारले.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी सांगितलेला ३-२-१ हा नियम आता सगळीकडे मानला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. छोट्या स्टुडिओला सगळ्या फुटेजच्या तीन प्रती परवडणार नाहीत, हे मान्य. क्लाउडचा मार्गही सोपा नाही. १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी एक टेराबाइट चढायला बावीस तास लागतात. पण निवड करता येते. तयार व्हिडिओ, प्रोजेक्ट आणि निवडक मूळ क्लिपा यांच्या दोन प्रती ठेवणे कुणालाही जमेल. एक प्रत यवतमाळात स्टुडिओत आणि दुसरी घरी, शक्य असेल तर दुसऱ्या गावी. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो तेव्हा पत्र्याखालच्या कपाटात डिस्क ठेवू नये. पेनड्राइव्हवर कायमची आठवण ठेवू नये. पडून असलेली डिस्क वर्षातून एकदा तरी लावून बघावी आणि तिच्यात काय आहे त्याची यादी वहीत आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवावी. डिस्क न लावता आतले सांगणारी यादी हीच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

या व्यवस्थेचा खर्च कुणी द्यायचा, हाही बोलण्याचा विषय आहे. चित्रीकरण आणि मिक्सिंग यांचे दर ठरतात, जपणुकीचा दर ठरत नाही. ग्राहक दहा वर्षांनी येऊन फुटेज मागतो आणि स्टुडिओने ते फुकट सांभाळलेले असावे अशी त्याची अपेक्षा असते. फुटेज किती महिने ठेवले जाईल आणि नंतर ते पुसायचे की सोपवायचे, हे पावतीवर लिहिलेले असले तर दोघांचाही ताण वाचेल.

लग्न करणाऱ्या घरांनी तयार व्हिडिओबरोबर मूळ फुटेजही स्वतःच्या डिस्कवर मागून घ्यावे आणि त्या डिस्कचे पैसे द्यावेत. दुर्गोत्सव मंडळांनी दरवर्षीचे चित्रण साल आणि देखाव्याच्या नावासह एका ठिकाणी जमा करावे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी स्थानिक स्टुडिओंकडचे सभा, संमेलने, मोर्चे आणि मुलाखती यांचे फुटेज तारखेनिशी नोंदवून घेण्याचे काम हाती घ्यावे. त्याला एक संगणक, काही हार्ड डिस्का आणि नीट नोंदी करणारी दोन माणसे लागतात. आणि ज्यांच्या कपाटात २००८ च्या आसपासच्या मिनी-डीव्ही कॅसेटी पडून आहेत त्यांनी त्या याच हिवाळ्यात उतरवून घ्याव्यात, कारण त्या वाचणारे चालू कॅमेरे आता दरवर्षी कमी होत आहेत.